सोमवारचं पाणी

आटपाडी,
१९ जून १९७७

आबा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही. मागचं पत्र पद्मा वहिनीनं वाचायला घेतलं आणि त्या शब्दापाशीच तुम्ही उठून गोठ्याकडे गेलात, असं तिनं कळवलं. म्हणून ह्या वेळी थेट आबा. निदान एक ओळ तरी कानावर पडेल.

बदली होऊन इथं आले त्याला तीन आठवडे झाले. कचेरीच्या मागं एका शिंपिणीच्या घरात खोली मिळाली आहे. पाणी एक दिवसाआड येतं, दोन घागरी. त्यात भागतं. माझ्याकडे रोजगार हमीच्या कामाचं मस्टर आहे. मस्टर म्हणजे कामावर आलेल्या माणसांची हजेरी. इथून सात मैलांवर पाझर तलावाचा बांध चालला आहे. दोनशेच्या वर माणसं आहेत, त्यात बायाच जास्त. माती खणायची, पाट्यांनी वाहायची, बांधावर टाकायची. दर आठवड्याला बाजाराच्या आदल्या दिवशी मी साहेबांबरोबर मजुरी वाटायला जाते. नाव पुकारते, माणूस पुढं येतं, अंगठा देतं, पैसे घेतं. बाईलाही मोजलेल्या मातीप्रमाणे पुरुषाइतकेच मिळतात. हे मी डोळ्यांनी बघते आहे.

आपल्याला उपकराची नोटीस आली तेव्हा मी तुम्हाला समजावायला गेले आणि तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. आता ऐका. सरकारनं वाईट दिवसांसाठी एक निधी केला आहे. नोकरदारांच्या पगारातून त्यासाठी व्यवसाय कर कापतात. माझ्याही पगारातून कापला जातो. व्यापाऱ्यांकडून थोडं जास्त घेतात, मोटारगाड्यांवर घेतात, आणि ज्याच्या रानाला पाणी आहे त्याच्याकडून एकरामागं थोडं, तोच हा उपकर. असं जेवढं जमेल तेवढीच भर सरकार आपल्याकडून घालतं. मग जिथं पाऊस पडला नाही तिथल्या माणसानं 'काम द्या' म्हटलं की त्यातून मजुरी. भीक नाही, काम. ज्याला पाणी आहे त्यानं, ज्याला नाही त्याच्यासाठी.

तुम्हाला हे पटायला हवं होतं. बहात्तर साली माणदेशातली माणसं गुरं घेऊन आपल्या ओढ्याला उतरली होती, तेव्हा विहिरीवरच्या आपल्या पाळीच्या दिवशी तुम्ही त्यांच्या गुरांना पाणी सोडलं. उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे फुकट दिले. मी तेव्हा मॅट्रिकला होते, वाढ्यांच्या पेंढ्या मीच बांधल्या. मला वाटलं, तुम्ही एक दिवस केलंत तेच आता सगळ्यांनी मिळून करायचं आहे.

आणखी एक. भावकीत बोलतात की तिकडच्या कचेरीत असताना विजीनंच उसवाल्यांची नावं दिली. तसं नाही. कारखान्याकडून उसाची यादी आली आणि कचेरीनं तिच्यावरून नावं काढली. मी फक्त समोर बसून लिहिलं.

वहिनी, ही ओळ मनातल्या मनात वाच. आबा दोन्ही वेळा नीट जेवतात का? मानसिंगदादाला पलटणीत ह्यातलं काही कळवू नकोस. तो तिथून काय करणार आहे.

विजयमाला


आटपाडी,
११ सप्टेंबर १९७७

आबा,

वहिनीचं कार्ड मिळालं. तिनं सगळं एका कार्डावर बसवलं आहे, म्हणून अक्षर मुंगीएवढं. तीनदा वाचलं तेव्हा कळलं.

मला वाटलं होतं, भावकीचा राग अबोल्यावर भागेल. लग्नात पंगतीला कोणी शेजारी बसणार नाही, एवढंच. पाणी तोडतील असं वाटलं नव्हतं. सात घरांची एक विहीर, एक मोटार, आठवड्याचे सात दिवस. त्यातला आपला सोमवार बाकीच्या सहा घरांनी तासा-तासानं वाटून घेतला, त्यांच्यातल्या लालासाहेब तात्यांनी मोटारीच्या खोलीला नवं कुलूप घातलं, आणि हे सगळं चैत्रात झालं. म्हणजे मी घरातून निघाले तेव्हाच झालेलं होतं. तुम्ही कोणी मला बोलला नाहीत, आणि कचेरीच्या धावपळीत मीही रानाकडे फिरकले नव्हते.

अडीच एकर ऊस उन्हाळ्यात वाळून गेला, तो तुम्ही मेच्या अखेरीला पेटवून दिलात, असं वहिनी लिहिते. मी त्या वेळी ट्रंक भरत होते. धूर मी पाहिला होता. कोणीतरी पाचट जाळतंय असं वाटलं.

काय लिहावं सुचत नाही, म्हणून इथलं लिहिते. बांधावर रंगूबाई म्हणून एक आहे. पन्नाशीची असेल, माहेर साताऱ्याकडचं, माण तालुक्यातलं, सासर इथलं. तिला सगळ्यात आधी शंका विचारायच्या असतात. परवा अंगठा देताना म्हणाली, "बाई, ह्यो पैका कुनाचा?"

मी म्हटलं, "सरकारचा."

"सरकार कुठं खुरपायला जातंय?"

बाया हसायला लागल्या. मग मी तिला तुम्हाला लिहिलं तेच सगळं सांगितलं. पगारदारांचं, व्यापाऱ्यांचं, उसवाल्यांचं. तिनं पैसे कनवटीला लावले आणि म्हणाली, "आन त्येस्नी म्हाईत हाय का, ह्यो रंगूला जातुया म्हून?"

"माहीत कसं असेल?"

"मंग काय मजा? देनाऱ्याला बी न्हाई म्हाईत आन घेनाऱ्याला बी न्हाई."

मी तिला म्हटलं, त्यातच चांगलं आहे, कोणाच्या उपकारात राहायला नको. तिनं मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. नंतर दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. मला तिला सांगावंसं वाटलं होतं की मला देणारा एक माणूस माहीत आहे. सांगितलं नाही.

आबा, तात्यांशी एकदा बोला ना. की मी येऊन बोलू?

विजयमाला


आटपाडी,
२२ जानेवारी १९७८

आबा,

संक्रांतीला येणार होते, आले नाही. रजा मिळाली नाही असं वहिनीला कळवलं होतं. रजा मिळाली होती. एसटीत बसलेही होते, विट्याला उतरले आणि उलट गाडीनं परत आले.

वहिनी, हे पत्र सगळं मोठ्यानं वाच. एक शब्द गाळू नकोस. जूनच्या पत्रात जी ओळ मनात वाच म्हटलं होतं, तीही सांगितलीस तरी चालेल.

त्याच पत्रात मी खोटं लिहिलं. आबा, नावं मीच दिली.

कारखान्याची यादी आली होती हे खरं. पण त्या यादीत आपल्या विहिरीवरच्या उसासमोर एकच नाव होतं, लालासाहेब. सभासद ते एकटेच. सातही घरांचा ऊस त्यांच्या नावावर जातो आणि बिल आलं की ते वाटून देतात. तलाठ्याच्या वहीत मात्र सगळ्यांच्या रानात शाळू, बिनपाण्याची ज्वारी. तो कधी रानात फिरलेलाच नाही. चावडीत बसायचा आणि जे सांगतील ते लिहून घ्यायचा. तेव्हा कचेरीत काय दिसत होतं, तर तात्यांची जमीन चार एकर आणि ऊस सतरा एकरांचा. आमचे अव्वल कारकून गंगाधरराव हसले. म्हणाले, "ह्यांचा ऊस काय आभाळात लागतो काय? सोडा हो बाई. कुणाचा कुठला ऊस, कोण शोधत बसणार? शाळू लिहिलाय, शाळूच राहू दे." आणि त्यांनी कागद बाजूला सारला.

तो तिथंच राहिला असता. कोणाला काही कळण्याची सोय नव्हती.

मी म्हटलं, "मला माहीत आहे, साहेब."

मग मी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर वार लिहिले. सोमवार, मंगळवार, बुधवार. प्रत्येक वारापुढं नाव आणि नावापुढं एकर. मला कोणाला विचारावं लागलं नाही. शाळेत जायच्या आधीच मी वार शिकले होते, ते तुमच्या खांद्यावर बसून, विहिरीच्या वाटेनं. सोमवार आपला. मंगळवार तात्यांचा. बुधवार सुलाबाई आत्तीचा. शनिवार विसरले की तुम्ही म्हणायचा, "शनवारी कोन मोटार लावून झोपतंय?" आणि मी म्हणायची, "नानासो." नावांपुढं एकर लिहायलाही कुठला कागद बघावा लागला नाही. जेवताना तुम्ही मला दर वर्षी सांगायचा, कुणाचा किती, कुणाचा कसा, औंदा आपला लय दांडगा हाय.

तुम्ही घरात लेकीला सांगितलेलं ते मी कचेरीत पुरावा म्हणून दिलं. त्याखाली सही केली. तो कागद फायलीला लावलेला आहे.

सोमवार लिहिताना हात थांबला होता. आपलं नाव गाळून बाकीची सहा लिहिता आली असती. पण मग माझं सगळं खोटं झालं असतं, असं वाटलं. म्हणून आपलं सगळ्यात वर लिहिलं. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटला. गंगाधरराव म्हणाले, "स्वतःच्या बापाचं नाव पहिलं? धन्य आहे तुमची." ते टोचून बोलले हे मला पुढं कित्येक दिवसांनी कळलं.

एवढंच लिहायचं होतं. विट्यापासून परत का आले ते आता तुम्हाला कळलं असेल.

विजया


आटपाडी,
१६ एप्रिल १९७८

आबा,

मी गावी आले, दोन दिवस राहिले आणि परत आले. तुम्ही समोर होता तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता लिहिते.

तुम्हाला न सांगता मी विहिरीवर गेले, ते चुकलं. तात्या मोटारीच्या खोलीबाहेर तंबाखू मळत बसले होते. नानासो आणि आणखी दोघं होते. मला बघून तात्या म्हणाले, "या साहेबीणबाई. आज काय मोजायचं? मोटार, का आमची दाढी?"

मी म्हटलं, "तात्या, राग माझ्यावर काढा. आबांचं पाणी द्या."

"सोमवार तू सरकारला लिवून दिलास. आता सरकारकडनं माग."

"उपकर तो केवढा, तात्या? एका गाडीच्या वाढ्यांत भागेल. त्यासाठी भावाचं रान वाळवायचं?"

तेव्हा ते चिडले नाहीत. मला वाटलं होतं चिडतील. तंबाखू तशीच हातात धरून ते म्हणाले, "पैशासाठी न्हाई गं. पैसा भरला आमी, समद्यांनी भरला. पर आता हितं विहिरीवर मला माझ्या मानसांसंगट बोलताना मागं बघाया लागतं. चुलीम्होरं बोललेलं कागदावर जातं म्हटल्यावर मानसानं बोलायचं कुठं? ज्या घरात तू हायस त्या घराबरोबर पानी वाटायची मला भ्या वाटती. रागबिग न्हाई. भ्या वाटती."

त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात मागून तुम्ही म्हणालात, "विजे, चल." एक वर्षानं तुमच्या तोंडून माझं नाव आलं आणि ते असं, त्यांच्यासमोर.

वाटेत तुम्ही पुढं चालत होता. आपल्या रानाच्या बांधावर थांबलात. नुसती कुसळं होती आणि कोणाची तरी चार मेंढरं. मी म्हटलं, आबा, माझं पत्र वहिनीनं वाचलं का? तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "मी वहीत लावून घेतलं असतं गं बागायत. तू म्हनाली असतीस, आबा, तिकडं मानसं उपाशी हायती, आपलं रान खरं लावून घ्या, तर मी सोता चावडीत गेलो असतो. भावकीला बी समजावलं असतं. एकेकाच्या घरी जाऊन बसलो असतो. तू इचारलं न्हाईस."

बस एवढंच. नंतर कुंडलच्या फाट्यावर एसटी येईपर्यंत तास-दीड तास आपण शेजारी उभे होतो. माझी पिशवी तुम्ही खाली ठेवू दिली नाहीत, हातातच धरून होता.

गाडीत मला वाटत राहिलं, खरंच लावून घेतलं असतंत का? इतकी वर्षं शाळू लिहिला जात होता, तेव्हा तुम्ही गप्पच होता ना? हे मनात आलं, म्हणून लिहिते. आता तुमच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे. कदाचित लावून घेतलं असतंत, कदाचित नसतं. पण तुम्ही 'नाही' म्हणाल ह्या भीतीनं मी विचारलं नव्हतं, असंही नाही. मला विचारायचं सुचलंच नव्हतं. कॉलेजात मला सगळं शिकवलं होतं, निधी कसा भरतो, कसा खर्च होतो, कोणाचं किती. आपल्या घरी जाऊन आधी विचारायचं, हे त्यात नव्हतं, आणि मला वाटायचं जे त्यात नाही ते लागत नाही.

विजया


आटपाडी,
२५ फेब्रुवारी १९७९

आबा,

वहिनीचं पत्र आलं. ह्या वेळी कार्ड नाही, चार पानी पत्र आहे. तुम्ही तिला काही सांगू नकोस म्हणाला होता, तरी तिनं सांगितलं. तिच्यावर रागावू नका.

गावात नवा तलाठी आला आहे, आणि तो चावडीत बसत नाही, वही घेऊन रानोरान फिरतो. मला आधी बरं वाटलं. मग पुढं वाचलं.

तो आपल्या रानात आला तेव्हा तुम्ही बांधावर होता. त्यानं विचारलं, "काय पीक, बाबा?" तुम्ही म्हणालात, "ऊस."

तो म्हणाला, "आवं, हितं तर कुसळं हायती. गेल्या साली बी ऊस लिवलाय. पाटाचं पानी न्हाई, मोटार न्हाई, कशावर यायचा ऊस? जिरायत लावतो बघा, तुमचा उपकर वाचंल."

आणि तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ द्या तसंच. माझ्या लेकीनं लिवलंय ते. ती शिकल्याली हाय, तिचं खोटं व्हायला नगं."

त्यानं पुन्हा सांगून पाहिलं. वहिनी म्हणते, तुम्ही त्याच्या हातातली पेन्सिल धरून ठेवलीत. शेवटी म्हातारा चळला असं समजून तो 'ऊस' लिहून गेला.

मला कळत नाही, आबा. तुम्ही हे माझ्यासाठी केलंत की माझ्यावर केलंत? वहिनीला मी कार्ड टाकून विचारलं, आबांचा चेहरा कसा होता. तिनं लिहिलं, नेहमीसारखा.

आणि त्या पत्राच्या शेवटच्या पानावर तिनं लिहिलं आहे की हंगामात तुम्ही दुसऱ्याच्या फडात ऊसतोडीला जाता, पहाटे निघता, आणि उपकर त्यातून भरलात. दोन्ही वर्षांचा. पाणी नसलेल्या रानाचा, पाणी आहे म्हणून. ते पैसे निधीत जातात. इथं येतात. मी ते वाटते.

मागच्या आठवड्यात मजुरी वाटायला गेले आणि मधेच मला नावं पुकारता येईनात. साहेब म्हणाले, ऊन लागलं असेल, सावलीत बसा. रंगूबाईनं तिच्या तांब्यातलं पाणी दिलं. ते मी प्यायले. तिनं काही विचारलं नाही, नेहमी विचारते तरी.

आता मुद्द्याचं. वहीतला ऊस खोडायला तुमचा अंगठा लागत नाही. मी ह्याच खात्यात आहे, मला रीत माहीत आहे. आपल्या तालुक्याच्या कचेरीला मी एक पत्र पाठवलं, की अमुक गटात दोन वर्षं पाणी नाही, जाऊन पाहावं, तर तलाठ्याला पुन्हा यावं लागेल. साहेब येतील, रान बघतील आणि तुम्ही काहीही म्हणालात तरी जे आहे ते लिहितील. उपकर थांबेल. मागचा भरलेला परत मिळायचीही वाट आहे. ते पत्र मी लिहिलं आहे, सगळं खरं आहे, त्यात एक ओळ इकडची तिकडं नाही. पाकिटावर पत्ता घातला आहे, तिकीट लावलं आहे. टपालपेटी खोलीपासून वीस पावलांवर आहे. तीन दिवस मी तिच्यासमोरून कचेरीत जाते आणि येते.

पहिल्या खेपेला मी खरं लिहिलं आणि तुमचं रान गेलं. आता मी लिहिलेलं खोटं झालं आहे, आणि तुम्ही ते घाम गाळून खरं ठेवता आहात. मला ते खोटं म्हणायचं आहे, आबा. चारचौघांत, कचेरीत, सही करून. पण ते रान तुमचं आहे, आणि शब्दही आता तुमचाच आहे.

वहिनी, इथं वाचायचं थांब आणि आबांना माझ्याच शब्दांत विचार: आबा, पत्र पाठवू का?

ते जे म्हणतील तेच कळव. माझ्यासाठी त्यातला शब्दही गोड करू नकोस. 'हो' म्हणाले तर त्याच दिवशी टाकते. 'नको' म्हणाले तर फाडून टाकेन. काहीच बोलले नाहीत, तर काही बोलले नाहीत एवढंच लिही. मग पुढच्या वर्षीही वहीत त्या रानात ऊसच राहील.

विजया